मनी आली, बोक्या रुसला!

बालमित्रांनो, दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत एकच लगबग सुरू होते. मुकादमाचा निरोप आलेला असतो. दारात ट्रॅक्टर नाहीतर ट्रक उभा राहतो. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, पिठाचे डबे, कोयते वर चढतात. कधी शेळी चढते, कधी डालग्यातल्या कोंबड्याही निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज अशा तालुक्यांतली हजारो कुटुंबं ऊस तोडायला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. परत यायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. तोवर मार्च-एप्रिल उजाडतो.

घराला कुलूप लागतं. आणि घरातलं मांजर? ते काही गाडीत बसत नाही. इंजिनाची घरघर ऐकूनच ते माळवदावर पळतं.

समजा, तुमच्या वर्गातली मैत्रीण जाताना तुम्हाला म्हणाली, "आमच्या मनीला पाडव्यापर्यंत तुमच्याकडं ठेवशील का?" तुम्ही 'हो' म्हणणारच. पण तुमच्या घरात आधीपासूनच एक बोक्या असेल तर?

बहुतेक जण काय करतात, माहीत आहे? मनीला उचलून बोक्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "हं, आता दोघं मिळून खेळा!" मग काय, फिस्स! गुर्र! केसांचे पुंजके उडतात, बोक्या उतरंडीमागे जाऊन बसतो आणि मनी खिडकीतून पसार होते. दोन दिवसांनी ती सापडते कुठं? कुलूप लावलेल्या तिच्याच घराच्या उंबऱ्यावर. तिथं भाकरीचा तुकडा टाकायलाही कुणी नसतं. म्हणून ही ओळख नीट करून द्यायला हवी. तो नुसता लाड नाही, बरं का! मनीचे पुढचे पाच महिने त्यावर अवलंबून असतात.

नाकानं ओळखणारा प्राणी

मांजरं अशी का वागतात? पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकटंच शिकार करतं. उंदीर तो केवढा, त्यात वाटेकरी कशाला हवा? म्हणून प्रत्येकाचा इलाखा वेगळा. हे मांजर माणसाजवळ आलं ते फार पूर्वी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. 2004 साली ही बातमी जगभर गाजली. इतकी वर्षं आपल्यासोबत राहूनही 'हा माझा इलाखा' हे मांजर विसरलेलं नाही.

इलाखा ओळखायचा कसा? वासावरून. मांजर तुमच्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासतं ना, तेव्हा ते गालातल्या ग्रंथींचा वास तिथं लावून ठेवतं. पंजांनी खांब ओरबाडतं, तेव्हाही तेच. जणू घरभर आपली पाटी लावून ठेवतं! आपल्याकडे म्हणतात, कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला. त्यामागचं एक कारण हे वासाचं आहे. अशा घरात अनोळखी वासाची मनी अचानक अवतरली, तर बोक्या चिडणारच. आणि मनीला तर तिथं स्वतःचा वास कुठेच सापडत नाही. चूक दोघांचीही नाही.

आधी वास, मग नजर

मैत्रीण निघण्याआधीच तिच्याकडून एक वस्तू मागून घ्या. मनी जिच्यावर झोपते ती गोधडी, नाहीतर तिचा एखादा तुकडा. आणि हो, ती धुवायची नाही! तिला मनीच्या घराचा वास असतो. फटाके वाजत असतील तर मात्र मनीला त्या दिवशी आणू नका. दोन दिवस शांत होऊ द्या. आणताना झाकणाच्या टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात आणा.

पहिले काही दिवस मनीला वेगळं ठेवा. वेगळी खोली नसेल तर न्हाणी, पडवीचा आडोसा किंवा सामानाची कोठी चालेल. फक्त दार लागायला हवं. तिथं गोधडी, पाणी, लपायला एक आडवं खोकं आणि जुन्या घमेल्यात माती किंवा वाळू ठेवा. बोक्याचं घमेलं वेगळं. जमलं तर तिसरंही ठेवा, म्हणजे भांडण नको. मनी लपून बसली तर ओढून काढू नका. भूक लागली की ती आपणहून येईल. पूर्ण दिवसभर तिनं काहीच खाल्लं नाही, तर मात्र डॉक्टरांना विचारा.

आता वासाची ओळख. एका फडक्यानं मनीचे गाल हळूच पुसा आणि ते बोक्याच्या जागेजवळ ठेवा. बोक्याचं फडकं मनीकडे. बोक्या फडक्यावर फिस्कारला तर रागवू नका. उद्या पुन्हा ठेवा. तो फडकं हुंगून निवांत निघून गेला, की समजा एक पायरी चढलात.

मग दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या. आधी ताटल्या लांब, रोज थोड्या जवळ. त्या वासाबरोबर काहीतरी चांगलं मिळतं, हे दोघांच्या ध्यानात येतं. त्यानंतर दार बोटभर उघडा, नाहीतर मध्ये जाळी लावा. दोघं निवांत जेवू लागली, की मगच दार उघडायचं. तेही पाचच मिनिटं आणि मोठं माणूस जवळ असताना. या सगळ्याला काही घरांत आठवडा लागतो, काही घरांत दोन महिने. घाई केली की पुन्हा पहिल्या पायरीवर!

एक गंमत करून बघा. मांजराकडे टक लावून पाहिलं की त्याला ती धमकी वाटते. त्याऐवजी डोळे अर्धवट मिटून हळूच उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं, की अशी सावकाश उघडझाप केली तर मांजरंही तशीच उघडझाप करतात, आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येतात.

भांडण झालं तर

नुसतं फिस्कारणं म्हणजे भांडण नव्हे. ते 'लांब राहा' असं सांगणं आहे. पण कान मागे चिकटले, शेपूट फटकारू लागली, टक लागली, की मध्ये सूप किंवा पुठ्ठा धरा. हात मात्र कधीही घालायचा नाही! मांजर चावलं किंवा त्यानं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच घरी सांगा. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायला हवं. रेबीजची लस वेळेवर घेणं फार महत्त्वाचं असतं.

आणि बोक्याला विसरू नका हं! घर आधी त्याचं आहे. त्याची जागा, त्याची जेवणाची वेळ, त्याचे लाड होते तसेच राहू द्या.

आई-बाबांनो, दोन कामं तुमची. मनी येण्याआधी दोघांना जनावरांच्या दवाखान्यात दाखवून लस टोचून घ्या. नसबंदीचंही विचारा. ती न झालेला बोका जास्त भटकतो, जास्त भांडतो, आणि पाडव्याला मैत्रिणीला एका मनीऐवजी पाच मांजरं परत मिळतील! दुसरं म्हणजे, नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही. मोठ्या मांजरांना पुष्कळदा दूध पचतही नाही. उकडलेलं अंडं, मासा किंवा मटणाचे तुकडे त्याच्या पोटात जायला हवेत.

परतीची वाट

निदान तीन आठवडे मनीला बाहेर सोडू नका. सोडाल तेव्हा जेवणाच्या वेळेआधी सोडा, म्हणजे भुकेपोटी ती परत येईल. तरीही कधी ती जुन्या उंबऱ्यावर जाऊन बसली, तर रागावू नका. तिला उचलून आणा.

तिकडे उसाच्या फडाजवळच्या कोपीत तुमची मैत्रीण फोनवर पहिला प्रश्न विचारेल, "मनी जेवली का?" तुम्ही सांगाल, "जेवली. आज बोक्या तिच्यापासून हातभर अंतरावर झोपला होता." दोन मांजरांत तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं. गळ्यात गळे घालायलाच हवेत असं नाही.

मग एक दिवस ट्रॅक्टर परत येईल, कुलूप निघेल. मनीला घरी पोचवताना ती गोधडी तिच्यासोबत द्यायला विसरू नका. आणि तेव्हाही ती धुवायची नाही! एवढ्या महिन्यांत तिला तुमच्या घराचाही वास लागलेला असेल.