फुकट आहे, पण बेवारशी नाही

एकाच गावच्या वीस मुलांची यादी करताना आपण गाव, तालुका, जिल्हा वीस वेळा लिहीत नाही. एकदा लिहितो आणि खाली ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा करतो. वाचणाऱ्याला पत्ता पूर्ण कळतो. जागा मात्र वाचते.

संगणकातील फाइल लहान करण्यामागे हीच युक्ती आहे. लेम्पेल आणि झिव यांनी ती १९७७ मध्ये मांडली. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, की तो न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी उचल’ एवढीच नोंद करायची. ‘डिफ्लेट’ या पद्धतीत ३२,७६८ बाइटपर्यंत मागे पाहता येते. त्यानंतर हफमन यांच्या १९५२ च्या रीतीने, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत दिले जातात.

आता प्रश्न असा, की अशी युक्ती कोणाच्या मालकीची असू शकते का? वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच एका पद्धतीचे अमेरिकी पेटंट पुढे युनिसिस कंपनीकडे आले. १९८७ पासूनच्या ‘जिफ’ चित्रांत ती पद्धत होती. डिसेंबर १९९४ मध्ये जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवाना शुल्क जाहीर झाले आणि खळबळ उडाली. कॉपीराइट प्रोग्रॅमच्या लिखाणाचे रक्षण करतो, पेटंट पद्धतीचे. म्हणून स्वतः ओळन् ओळ लिहिणाराही यातून सुटत नव्हता. हे अमेरिकी पेटंट २००३ मध्ये संपले.

दरम्यान ‘पीएनजी’ हा नवा चित्रप्रकार तयार झाला. त्यासाठी झाँ-लू गेयी आणि मार्क ॲडलर यांनी १९९५ मध्ये पेटंटच्या कचाट्यात न सापडणारी ‘झेडलिब’ ही लायब्ररी खुली केली. त्यांचाच १९९२ चा ‘जीझिप’ जीपीएल परवान्याखाली होता. त्याचा भाग घेतलेला प्रोग्रॅम इतरांना देताना आपलाही सोर्स कोड द्यावा लागतो. झेडलिबला ही अट नाही. ती विकाऊ प्रोग्रॅममध्येही विनामूल्य वापरता येते. अटी तीनच: मूळ काम आपले आहे असे भासवू नये, बदल केल्यास तसे स्पष्ट नोंदवावे, सोर्स कोड वाटताना परवान्याची सूचना काढू नये. ऋणनिर्देश केल्यास लेखकांना आनंद होईल, पण सक्ती नाही.

मात्र हमी कसलीही नाही. २००२ मध्ये झेडलिबच्या १.१.३ आवृत्तीत एक दोष आढळला: एकदा मोकळी केलेली स्मृती पुन्हा मोकळी केली जात होती. १.१.४ मध्ये तो दुरुस्त झाला. परंतु ज्या प्रोग्रॅमनी जुनी प्रत स्वतःच्या पोटात घेतली होती, ते आपोआप दुरुस्त झाले नाहीत. प्रत्येकाला नवी प्रत बसवावी लागली. फुकट घेतलेल्या वस्तूची देखभाल घेणाऱ्याकडे येते ती अशी.

त्या तीन अटी पुन्हा वाचून पाहा. मुलांच्या प्रकल्पवहीकडूनही आपली अपेक्षा याहून वेगळी नसते: घ्या, पण कोणाचे घेतले ते लपवू नका.