अर्धा मिली

मुरुडच्या आमच्या शेजारच्या काकांनी प्रोस्टेटचं ऑपरेशन कित्येक वर्षं टाळलं. रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचे, पण दवाखान्याचं नाव काढू द्यायचे नाहीत. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "ऑपरेशनचं काही नाही हो, पण त्या रात्री नळीनं जीव नको होतो." शेवटी लघवी तुंबली आणि त्यांना अलिबागला हलवावं लागलं. त्या एका रात्रीच्या धास्तीनं माणूस इतकं सोसतो, हे मनातून जाईना. भूलतज्ज्ञ बाईंनी काकांची परवानगी घेऊन मला ऑपरेशन थिएटरात उभं राहू दिलं.

कुलूपबंद कपाटातून फेंटानिलची कुपी निघाली. कुपी दोन मिलीची, त्यातलं घ्यायचं अर्धा मिली, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम. उरलेलं साक्षीदारासमोर टाकायचं, रजिस्टरात लिहायचं, रिकामी कुपीसुद्धा जपून ठेवायची. अफूच्या कुळातलं औषध, १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली येणारं. २०१४च्या दुरुस्तीनं मॉर्फिन, फेंटानिल अशी औषधं रुग्णांना मिळणं सोपं व्हावं म्हणून वेगळी वाट केली. ती फार आधीच व्हायला हवी होती.

"काका, हनुवटी छातीला लावा, पाठ गळासारखी वाकवा." बाईंनी कमरेच्या हाडांवरून बोट फिरवून दोन मणक्यांमधली जागा हेरली. बारीक सुईतून स्वच्छ थेंब आला, तशी नेहमीच्या भुलीच्या औषधात मिसळलेला तो अर्धा मिली आत गेला. थोड्याच वेळात पाय जड झाले.

मणक्यातून भूल द्यायला ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली जर्मनीत सुरुवात केली. मॉर्फिननं मज्जारज्जूतच वेदना अडवता येते, हे मात्र १९७९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करुग्णांवर दाखवलं. शिरेतून द्यायला जेवढं लागतं, त्याचा अगदी लहानसा अंश इथे पुरतो.

काका जागेच होते, आणि बाई त्यांना गप्प बसू देत नव्हत्या. दुर्बिणीतून गाठ खरवडताना आत सतत ग्लायसिनचं पाणी सोडतात. ते रक्तात जास्त गेलं तर सोडियम उतरतं आणि माणूस बरळू लागतो.

"मुरुडहून एसटी कुठून कुठून येते, काका?"

"नांदगाव, काशीद, बोर्ली, साळाव, मग पुलावरून रेवदंडा, चौल..."

थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. "मगाशी सांगितलं की!" काका करवादले. "चिडताहेत ना, मग उत्तम," बाई मला म्हणाल्या. मॉनिटरवरच्या आकड्यांपेक्षा हे उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा जास्त सैल पडला.

मॉर्फिन का नाही, असं मी विचारलं. त्याचा गुण २४ तासांपर्यंत टिकतो, फेंटानिलचा काही तासांतच ओसरतो. "मॉर्फिन मेंदूकडे सावकाश चढतं. श्वास मंदावला तर कधीकधी मध्यरात्रीनंतर मंदावतो. रात्रभर दर तासाला श्वास मोजणारं माणूस वॉर्डात नसेल, तर मी देत नाही." शिवाय मॉर्फिनची मात्रा इतकी थोडी, की ते पातळ करताना एका शून्याची चूक झाली तर दहापट औषध जातं. किती वेळ आराम द्यायचा, हे औषधाइतकंच रात्रपाळीला किती सिस्टर आहेत त्यावर ठरतं. आपल्या छोट्या रुग्णालयांचं हे दुखणं कुठल्याच रजिस्टरात चढत नाही.

संध्याकाळी वॉर्डात काका सारखं नाक खाजवत होते. हा त्या अर्ध्या मिलीचाच परिणाम. तीन तोंडांच्या नळीतून सलाइन आत जात होतं, पिशवीतला लाल रंग फिका होत होता. पायांत जीव आला, तरी दुखणं नव्हतं. रात्री नऊला सिस्टरनी पॅरासिटामॉलची बाटली लावली. "आता कुठे दुखतंय?" काकांनी विचारलं. "पहिल्याचा जोर उतरायच्या आत दुसरं चढलं पाहिजे," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

पहाटे नळीच्या फुग्यामुळे एक कळ आलीच. काकांनी दात आवळले, पण हाक मारली नाही. सोसायची सवय. मीच उठून सिस्टरना बोलावलं. त्यांनी औषध दिलं आणि काकांना बजावलं, पुढच्या वेळी लगेच बेल वाजवायची.