१४२८५७ : गुण संख्येचा की लिहिण्याचा?

आज रेणापूरला बोलताना फळ्यावर एकच संख्या लिहितो : १४२८५७. मी गणिताचा माणूस नव्हे, तत्त्वज्ञानाचा. पण या संख्येनं मला बरीच वर्षं एका प्रश्नात अडकवून ठेवलंय.

हिला २ ने गुणा : २८५७१४. ३ ने : ४२८५७१. पुढे ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. अंक तेच, फिरण्याचा क्रमही तोच. फक्त सुरुवात बदलते. आणि ७ ने गुणलं की ९९९९९९!

लगेच कुणी म्हणतं, ही दैवी संख्या. थांबा. १ ला ७ ने भागून बघा, शाळेतला साधा भागाकार. बाकी येते ३, मग २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. की परत पहिल्यापासून. उत्तर येतं ०.१४२८५७१४२८५७... आता २ ला ७ ने भागायचं म्हणजे त्याच चक्रात 'बाकी २' पाशी शिरायचं. सहा गावांतून गोल फिरणारी एसटी समजा. गावांचा क्रम ठरलेला. तुम्ही कुठल्या थांब्यावर चढलात एवढाच फरक.

या संख्येचा दुसरा गुण आपल्याकडच्या एका शाळामास्तरांच्या नावानं ओळखला जातो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तोडा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा, १४२८५७! त्यांच्या हयातीत अनेकांनी हा नुसता खेळ मानला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं, तेव्हा कुठं जगाचं लक्ष गेलं.

आता माझा प्रश्न. आपल्याला आठच बोटं असती तर आपण आठाआठानं मोजलं असतं. मग एक सप्तमांश ०.१११... असा लिहिला असता. सहा अंकांचं हे चक्र दिसलंच नसतं! उलट, ही संख्या म्हणजे २७ × ११ × १३ × ३७, हे कुठल्याही पद्धतीनं लिहिलं तरी बदलत नाही. रास ज्वारीची तीच. पायलीनं मोजा की किलोनं, आकडा वेगळा येतो. म्हणजे काही गुण राशीचे, काही मापाचे.

मग कापरेकरांचं काम पोकळ ठरतं का? मुळीच नाही. दहाचं माप आपण घेतलं हे खरं. पण एकदा घेतल्यावर चक्र कसं फिरावं, हे ना राजाच्या हाती, ना पंडिताच्या. मापाचेही नियम असतात, आणि ते शोधावेच लागतात.

म्हणून या संख्येपुढं कुणी हात जोडायला सांगितलं, तर आधी पाटी-पेन्सिल मागा. आणि पोरानं "असं का?" विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. भागाकार करायला बसवा. कारण कळलं म्हणून नवल कमी होत नाही. माझं तरी झालं नाही.