एक बेट, दोन कायदे आणि आपली आंबापोळी

मैत्रिणींनो, मे महिना म्हणजे आपल्या रत्नागिरीत साठं घालायचे दिवस. अंगणात ताटं मांडलेली, वर पातळ फडकं आणि कावळे हाकायला एखादी आजी! आमच्या बचत गटातल्या बायकाही दरवर्षी आंबापोळी घालतात. मागच्या मोसमात गटातल्या एका ताईंच्या भाच्याचा आयर्लंडहून फोन आला. डब्लिनमधला एक दुकानदार आपली पोळी ठेवायला तयार होता. बायकांचा आनंद काय विचारता!

पण मग त्याची यादी आली. पोळीत काय काय घातलंय? नेमकं वजन किती? कधीपर्यंत टिकेल? त्याच स्वयंपाकघरात काजू, तीळ, शेंगदाणे हाताळता का? (तिकडे ॲलर्जी असणारे लोक असतात, म्हणून हे विचारतात.) शिवाय पाकिटावर युरोपातल्या आयातदाराचा पत्ता हवा. आमच्याकडे होती साधी पिशवी, मेणबत्तीवर तोंड चिकटवलेली. ऑर्डर हातची गेली.

"मग इंग्लंडला पाठवूया की, तिथे आपली माणसं आहेत," एकजण म्हणाली. तिला उत्तर द्यायचं म्हणून मी जरा वाचलं, तर गंमतच कळली. आयर्लंड हे बेट एक, पण देश दोन. दक्षिणेकडचं आयर्लंड स्वतंत्र, युरोपीय संघात. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडला (यालाच ब्रेक्झिट म्हणतात) आणि प्रश्न आला, आता माल तपासायचा कुठे?

आपल्याकडे पूर्वी शहरात शिरताना जकात नाका असायचा, आठवतंय ना? तसा नाका बेटाच्या मधोमध बसवला असता, तर जुनं भांडण पुन्हा पेटायची भीती होती. तिथे अनेक वर्षं रक्तपात झाला आणि १९९८ च्या करारानंतर कुठे शांतता आली. म्हणून तपासणी जमिनीवर न ठेवता समुद्राकडे, बंदरांवर नेली. २०२३ मध्ये 'विंडसर' नावाच्या समझोत्याने ती जरा सोपी केली. उत्तरेच्या कारखानदारांना मात्र यात संधी सापडली. त्यांचा माल ब्रिटनमध्येही जातो आणि युरोपातही. बेटावरचा उत्तर-दक्षिण व्यापारही ब्रेक्झिटनंतर चांगलाच वाढला.

आता यात आपलं काय? २०१४ चा मोसम आठवा. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंबा बंद केला. ब्रिटन तेव्हा संघातच होता, त्यामुळे लंडनच्या बाजारातूनही हापूस गायब झाला. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. तेव्हा दार एकच होतं. आता दोन आहेत. ब्रिटनसाठी पाकिटावर तिथला पत्ता, डब्लिनसाठी युरोपातला. पोळी तीच, कागद वेगळे! २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या. त्यात आपल्या बहुतेक मालावरचं आयात शुल्क काढायचं ठरलं आहे. पण शुल्क गेलं म्हणून लेबल सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

एकदम परदेशी उडी मारायची गरज नाही. आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करा. स्वतः माल पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. ते झेपत नसेल तर निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला माल द्या, पण भाव लेखी ठरवून. दूध किंवा खवा घातलेल्या बर्फीच्या वाटेला सध्या जाऊ नका, तिचे नियम फार कडक आहेत. पोळी, आगळ, फणसपोळी यांपासून सुरुवात करा. आणि 'हापूस' लिहिलंत तर हापूसच घाला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय. भेसळ करून ते नाव घालवायचं नाही.

आमच्या गटाने आता वजनकाटा घेतलाय. प्रत्येक ताटाला तारखेची चिठ्ठी लागते आणि काजू सोलायची जागा वेगळी केली आहे. सुरुवातीला बायका कुरकुरल्या, "एवढं कशाला हो वहिनी?" परवा त्यातलीच एक पाकीट उलटंसुलटं करून म्हणाली, "यावर आपल्या गटाचं नाव किती छान दिसतंय!" डब्लिनच्या दुकानदाराला आम्ही पुन्हा कळवलं आहे. या वेळी त्याच्या यादीतलं काही राहिलेलं नाही.