नवा संगणक, जुने फोल्डर आणि बंद पडणारे ओबीएस

जळगाव-धुळ्याकडे लग्न, कीर्तन किंवा कानबाईचा उत्सव यूट्यूबवर थेट दाखवायचा, तर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर हाताशी असते. नव्या लॅपटॉपवर ते अचानक बंद पडू लागले, तर आधी जुन्या संगणकावरून जसेच्या तसे उचलून आणलेले ओबीएसचे फोल्डर आणि त्यातले जुने प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडलेली पूरक सॉफ्टवेअर, तपासा. २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीने क्यूटी ६ ही नवी सॉफ्टवेअर-चौकट स्वीकारली आणि कितीतरी जुने प्लगइन निकामी झाले. म्हणून ‘सीन कलेक्शन’ आणि ‘प्रोफाइल’ एवढेच एक्स्पोर्ट करून न्या. प्लगइन नव्याने टाका.

३०व्या आवृत्तीपासून सेफ मोड आहे. त्यात बाहेरचे प्लगइन बंद राहतात. तिथे सगळे सुरळीत चालले, तर दोष बहुधा प्लगइनचाच. ‘हेल्प’ मेनूतला क्रॅश रिपोर्टही जरूर वाचा, बऱ्याचदा कुठला भाग कोसळला ते त्यात कळते. जुन्या यंत्रात एनव्हिडियाच्या कार्डाचा एन्कोडर (व्हिडिओ संकुचित करणारा भाग) निवडलेला होता आणि नव्यात ते कार्ड नसेल, तर एन्कोडर बदलावाच लागेल.

मे महिन्यात मांडवातला लॅपटॉप तापून मंदावतो, चित्र अडखळते. तो दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. लग्नाच्या आदल्या दिवशीच तासभर रेकॉर्डिंग करून बघा.