कांद्याचा वास आणि दहा लाखांचा प्रश्न

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब जागच्या जागी उभी, डोक्यात वीकेंडचा प्लॅन आणि मोबाइलवर मामेभावाचा फोन.

"ताई, एक फॉर्म आहे. दहा लाखांचा. इंग्लिश जरा झकास करून दे ना."

फॉर्म म्हटल्यावर मी हसले. दिवसभर दुसऱ्यांच्या पॉवरपॉइंटचं इंग्लिश झकास करण्याचाच तर पगार मिळतो आपल्याला! पण हा फॉर्म साधा नव्हता, हे कळायला मला सहा महिने लागले.

आमच्या मामाचं गाव मंचरजवळ. घरची पंचवीस टनांची कांदाचाळ. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये चाळीत भरायचा, भाव चढेपर्यंत थांबायचं आणि पावसाळ्यात रोज नाक लावून फिरायचं. वास आला म्हणजे आत कुठेतरी सड सुरू झाली. पण वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. डिप्लोमा करून चाकणला कंपनीत लागलेल्या आमच्या या पठ्ठ्याच्या डोक्यात आलं, नाकाआधी सेन्सरने वास पकडला तर? त्याने नोकरी सोडली. मामा एवढंच म्हणाला, "पुढच्या दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर गुमान चाकणला."

पहिला झटका

मी इंग्लिश झकास केलं. 'गेम चेंजर', 'रेव्होल्यूशन' वगैरे शब्द पेरले. उत्तर आलं: निवड झाली नाही. भाऊ वैतागला. "ठिबकचं अनुदान मिळतं, चाळीचं मिळतं, मग याचं का नाही?"

खरी गोची इथेच होती. ठिबकचं अनुदान म्हणजे वस्तू घ्या, कागद द्या, पैसे घ्या. संशोधनाचं अनुदान वेगळं. ते वस्तूसाठी नसतं, प्रश्नासाठी असतं. ज्याचं उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही आणि जो ठरलेल्या वेळात तपासता येईल, असा प्रश्न. आमच्या फॉर्ममध्ये प्रश्नच नव्हता. होती ती नुसती जाहिरात, आणि ती मी लिहिली होती!

मॅडमचे तीन सवाल

मग कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही शहरातल्या एका इन्क्युबेशन सेंटरमध्ये गेलो. मला वाटलं, चकाचक ऑफिस असेल, कॉफी मशीन असेल, कुणीतरी इंग्लिश सुधारून देईल. तिथल्या मॅडमनी इंग्लिशकडे बघितलंही नाही. मराठीतच विचारलं, "हे तुझ्याआधी कुणी केलंय?"

"कुणीच नाही," भाऊ छाती काढून म्हणाला.

मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. लासलगावच्या कल्याणी शिंदे. इंजिनीअर. त्यांची कंपनी 'गोदाम इनोव्हेशन्स', काम हेच: साठवलेल्या कांद्याची सड सेन्सरने लवकर ओळखायची. आणि त्यांनाही हात दिला तो नाशिकच्या 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' या टीसीएस फाउंडेशनच्या केंद्राने. भावाचा चेहरा पडला. मला तर वाटलं, संपलं सगळं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे प्रश्न खरा आहे. आता दुसरा सवाल. तुझ्या चाळीत असं काय आहे, जे अजून सुटलेलं नाही?"

भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मॅडम, आमची चाळ चारी बाजूंनी हवेशीर. वारा सुटला की वास उडून जातो. सेन्सर नेमका कुठं बसवायचा, तेच कळत नाय."

"हा तुझा प्रश्न! आता तिसरा सवाल. उत्तर बरोबर आलं, हे मोजणार कसं?"

इंग्लिश न सुधारताच त्या अर्ध्या तासात अर्जाचा कणा तयार झाला.

अशी केंद्रं आहेत तरी कुठे?

आपण रोज ज्यांच्यासमोरून जातो, तिथेच! पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे आपल्या एनसीएलच्या, इनोव्हेशन पार्कमध्ये 'व्हेंचर सेंटर' २००७ पासून आहे. पिकांसाठी जैविक उत्पादनं करणारी 'बायोप्राइम' ही पुण्याची कंपनी तिथेच वाढली. बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. एमआयटीच्या मदतीने तिथे २००२ मध्येच फॅब लॅब आली. आणि कांद्याचंच म्हणाल, तर राजगुरुनगरला केंद्र सरकारचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. मामाच्या घरापासून जवळ, पण घरातलं कुणी कधी आत गेलं नव्हतं.

पैशांच्या वाटाही ठरलेल्या आहेत. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' योजना नमुना बनवण्यासाठी दहा लाखांपर्यंत देते. जैवतंत्रज्ञानातली कल्पना असेल तर 'बायरॅक'ची 'बिग' योजना आहे: अठरा महिन्यांसाठी पन्नास लाखांपर्यंत. हे खूळ फक्त आपलंच नाही बरं का! अमेरिकेने १९८२ मध्ये कायदाच केला, की मोठ्या सरकारी खात्यांनी संशोधनाच्या पैशातला काही हिस्सा छोट्या उद्योगांसाठी बाजूला काढायचा. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये त्याच धर्तीवर योजना आणली.

पिकअप कापली, वजनकाटा आला

दुसरा अर्ज आम्ही पाच वेळा लिहिला. पहिल्या बजेटमध्ये भावाने पिकअप गाडी टाकली होती. मॅडमनी ती एका रेघेत उडवली आणि तिच्या जागी वजनकाटा लिहायला लावला. चाळीचे चार कप्पे करायचे. दोन कप्प्यांत वेगवेगळ्या उंचीवर सेन्सर, दोन नुसतेच, तुलनेसाठी. दर पंधरा दिवसांनी सडका कांदा बाहेर काढून तोलायचा आणि वहीत लिहायचा. कुठल्या महिन्यात काय हातात येईल, त्याचा तक्ता. काम बिघडलं तर काय करणार, त्याचंही एक पान!

माझं काम काय होतं माहितीये? एक्सेल शीट. आणि 'गेम चेंजर' हा शब्द खोडणं.

या वेळी मुलाखतीला बोलावणं आलं. भाऊ अडखळत इंग्लिशमध्ये सुरू झाला, तर समोरचे म्हणाले, मराठीत सांग. मग गडी सुटला! चाळीतला वारा, पावसाची झड, खालच्या थरातली ऊब... त्याला सगळं ठाऊकच होतं. मागितले त्याहून कमी पैसे मंजूर झाले, तेही हप्त्याहप्त्याने, प्रत्येक हप्त्याचा हिशोब दिल्यावर. पण दिवाळीच्या आत मंजूर झाले.

तुम्ही काय करू शकता?

- गावाकडच्या भावंडाचा फॉर्म आला, तर इंग्लिशला हात लावण्याआधी विचारा: यातला प्रश्न कुठला?
- आधी कुणी केलंय का, ते शोधून द्या. तुम्हाला नेट सर्च करायला दहा मिनिटं लागतात, त्याचे सहा महिने वाचतात.
- बजेट, तक्ते, मुदती हे आपलं रोजचं काम आहे. एक शनिवार त्याला द्या.
- सोबत केंद्रात जा. पहिल्यांदा त्या काचेच्या दारातून आत शिरायलाच धीर लागतो.

मंजुरीचं पत्र आलं त्या रविवारी मी मंचरला होते. मामाने पत्र उलटसुलट करून बघितलं. "फेडायचं कधी?"

"फेडायचं नाय, दादा. हिशोब द्यायचा."

"आन् यंत्र चाललंच नाही तर?"

"तरी चालतंय. का चाललं नाय, ते खरंखरं लिहून द्यायचं."

मामा चाळीकडे बघत राहिला. "तीस वर्षं कांदा सडतोय माझा," तो म्हणाला. "का सडला, असं लिहून द्या म्हणून कुणी विचारलं नव्हतं."

परतीच्या एसटीत मी फोन सायलेंटवर टाकला आणि वहीत पुढच्या पंधरवड्याचा रकाना आखला.