एक गडकरी की तिघे?

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. कोणत्या दशकात नाटके वाढली, कोणत्या लेखकाने किती लिहिले, हे अशा नोंदी मोजूनच कळते. परंतु मोजण्यापूर्वी नावे जुळवावी लागतात. ‘आपटे, हरि नारायण’ आणि ‘हरि नारायण आपटे’ हे संगणकाच्या लेखी दोन लेखक!

येथे ‘ओपनरिफाइन’ ही मोफत व मुक्त आज्ञावली उपयोगी पडते. ती विरामचिन्हे काढून नावातील शब्द वर्णानुक्रमे लावते आणि मग सारखी ठरलेली रूपे एकत्र दाखविते. ‘हरि’ आणि ‘हरी’ यांसारख्या किरकोळ फरकासाठी तिच्यात निराळी रीत आहे. दोन्ही नावे एक करायची की नाही, हे मात्र ती आपल्याला विचारते; विचारते हे बरेच म्हणायचे.

राम गणेश गडकरी, ‘गोविंदाग्रज’ आणि ‘बाळकराम’ यांच्यापुढे मात्र तिचे काही चालत नाही. नाटककार, कवी व विनोदी लेखक अशी तीन माणसे तक्त्यात निमूटपणे उभी राहतात. ती एकच, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यानेच सांगायचे. त्यासाठी निराळा रकाना आखून त्यात मूळ नाव भरावे. टोपणनाव पुसू नये. गडकऱ्यांचे कोणते लेखन कोणत्या नावाने छापले गेले, हेही उद्या कोणाला मोजायचे असेल.